भूक लागली की खाईल?

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही पाच दिवसांसाठी कोल्हापूरला गेलो आणि आमचा बोका ढोल्या याला नाशिकरोडला आत्याकडे ठेवले. ढोल्याचे वजन तेव्हा सहा किलो होते. नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये वाढलेला, उंदीर दिसला तर त्याच्याकडे कौतुकाने पाहत बसणारा असा हा बोका. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "अगं, तुझा बोका पलंगाखालून बाहेरच येत नाही. फटाक्यांना घाबरलाय बहुतेक. खातही नाही काही. पण तू काळजी करू नकोस, भूक लागली की खाईल."

मीही म्हणाले, "हो, खाईल."

जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईने असे म्हणावे याची मला आजही लाज वाटते. सहाव्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा ढोल्या पलंगाखालीच होता. उचलून उजेडात आणला तर त्याच्या कानांच्या आतली कातडी हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी पिवळी दिसत होती. हिरड्यांचेही तेच. तोंडातून लाळ गळत होती. पशुवैद्यांनी त्याला टेबलावर ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हता. "मॅडम, हा किती दिवस उपाशी आहे?" असे त्यांनी विचारले.

या प्रश्नातच सगळा रोग होता. इथे उपास हा केवळ आजाराचा परिणाम नव्हता, तो स्वतःच आजाराचे कारण झाला होता.

हे आपल्या मनाला पटायला जड जाते, कारण उपासाबद्दल आपले मत चांगले आहे. एकादशी आहे, चातुर्मास आहे. आपले जैन शेजारी पर्युषणात आठ-आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतात आणि नवव्या दिवशी चालत मंदिरात जातात. घरात कुणाला ताप आला, पोट बिघडले, की आजी पहिल्यांदा जेवण बंद करीत असे. लंघन हे औषधच मानले गेले. मग मांजराने चार दिवस खाल्ले नाही तर बिघडले कुठे?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी माणूस उपाशी राहतो तेव्हा काय होते ते पाहू. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपत येते. मेंदूला तर ग्लुकोज हवेच असते. तेव्हा शरीर स्नायूंतली प्रथिने मोडून त्यांतल्या अमिनो आम्लांपासून यकृतात ग्लुकोज तयार करू लागते. हे असेच चालू राहिले तर माणूस थोड्याच दिवसांत स्नायू गमावून बसेल. पण तसे होत नाही. दरम्यान चरबी वितळू लागलेली असते, यकृत त्या चरबीपासून कीटोन नावाची लहान संयुगे बनवते आणि मेंदू हळूहळू त्यांच्यावर काम चालवायला शिकतो. जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये, काही आठवडे वैद्यकीय देखरेखीखाली उपाशी राहिलेल्या लठ्ठ रुग्णांवर अभ्यास करून हे दाखवून दिले. मेंदूने कीटोन स्वीकारले की प्रथिनांची मोडतोड कमी होते. थोडक्यात, आपले शरीर टंचाईच्या काळात खर्चाला कात्री लावते. कुत्र्याचे शरीरही हे बऱ्यापैकी जमवते.

मांजराला ही कात्री नीट चालवता येत नाही. याचे कारण त्याच्या जेवणाच्या इतिहासात आहे.

आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशांत राहणारी लहान रानमांजरे. त्यांचे अन्न म्हणजे उंदीर, पक्षी, सरडे. म्हणजे मुख्यतः प्रथिने आणि थोडी चरबी. पिष्ट पदार्थ जवळजवळ नाहीतच. एका उंदरापासून सुमारे ३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते असे धरले, तर चार किलोच्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर लागतील. असे दिवसभर थोडे थोडे खाणाऱ्या प्राण्याच्या यकृतात अमिनो आम्ले सतत येत राहणार आणि त्यांच्यापासून ग्लुकोज बनवण्याचे काम सतत चालणार. आपल्या यकृतात या कामाची विकरे आहारानुसार कमीजास्त होतात. मांजराच्या यकृतात ती कायम कामावर हजर असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या रॉजर्स, मॉरिस आणि फ्रीडलँड यांनी १९७७ मध्ये ही गोष्ट मोजून दाखवली: मांजरांना कमी प्रथिनांचा आहार दिला तरी अमिनो आम्ले मोडणाऱ्या विकरांचे प्रमाण फारसे उतरत नाही. भट्टी पेटलेलीच राहते. बाहेरून सरपण आले नाही तर ती घराचे वासे जाळते.

याच प्रयोगशाळेतला दुसरा प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे. अमिनो आम्ले मोडली की अमोनिया तयार होतो. तो विषारी असल्याने यकृत त्याचे युरियात रूपांतर करते. हे क्रेब्जचे युरिया चक्र आपण अकरावी-बारावीला शिकवतो. त्या चक्रात आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल लागते. आपण ते शरीरात तयार करू शकतो. मांजराला ते पुरेसे करता येत नाही, ते मांसातून तयार स्वरूपातच घ्यावे लागते. १९७८ मध्ये मॉरिस आणि रॉजर्स यांनी, रात्रभर उपाशी असलेल्या मांजरांना आर्जिनिन नसलेले एकच जेवण दिले. काही तासांतच त्यांच्या रक्तातला अमोनिया वाढला, उलट्या सुरू झाल्या. एका जेवणात एक घटक नसल्याने इतक्या लवकर विषबाधा झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही. आपल्या घरांतून मांजराला पिढ्यान्‌पिढ्या दूध-पोळी घातली गेली आणि ते जगले, ते बहुधा मागच्या अंगणात त्याचे स्वतःचे स्वयंपाकघर चालू होते म्हणून.

आता चरबीकडे वळू. इथे नाशिक जिल्ह्यातले एक उदाहरण सोयीचे आहे.

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याची आवक होते. लिलाव होतो, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे निवडून गोण्यांत भरला जातो आणि ट्रकने बाहेर रवाना होतो. थोडा कांदा स्थानिक वापरात जातो. आवक आणि रवानगी यांचा मेळ असेपर्यंत खळे मोकळे राहते. समजा, एके दिवशी आवक दहापट झाली आणि त्याच दिवशी गोण्या संपल्या. काय होईल? कांदा खळ्यावर साचेल, रस्त्यावर येईल, माणसांना चालायला जागा उरणार नाही.

उपाशी मांजराचे यकृत म्हणजे असे खळे. अन्न थांबले की रक्तातले इन्सुलिन उतरते. भीती आणि ताण यांमुळे अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वाढलेली असतातच. या दोहोंच्या प्रभावाखाली पोटावरची, त्वचेखालची चरबी वितळून तिची मेदाम्ले रक्तात उतरतात आणि यकृताकडे धावतात. जेवढे मांजर लठ्ठ तेवढी आवक मोठी. यकृत काही मेदाम्ले जाळते, काहींचे कीटोन करते; पण एवढी आवक जाळणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. उरलेला माल बाहेर पाठवायचा तर चरबी प्रथिनांच्या वेष्टनात बांधावी लागते, कारण चरबी रक्तात तशी विरघळत नाही. ही वेष्टने म्हणजे आपल्या गोण्या. त्या प्रथिनांच्या, आणि प्रथिने तर जेवणातून येणार होती! स्नायूंतून जी येतात ती ग्लुकोज करण्यात खर्ची पडतात. चरबी येत राहते, जात नाही. पेशीपेशीत तिचे थेंब साठतात. निरोगी यकृतात वजनाच्या सुमारे पाच टक्के चरबी असते. या रोगात ती त्याच्या कितीतरी पट होते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा यकृताचा काप पाहिला तर पेशींत जिकडेतिकडे पोकळ गोल दिसतात. ती चरबीच्या थेंबांची रिकामी झालेली घरे असतात, कारण काप तयार करताना वापरलेल्या द्रावकांत चरबी विरघळून गेलेली असते.

गोण्यांच्या तुटवड्याने यकृत चरबीने भरते हे फक्त मांजरातच घडते असे नाही. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३३ मध्ये आफ्रिकेतल्या, आजच्या घानामधल्या, मुलांमध्ये क्वाशिओरकोर या रोगाचे वर्णन केले. त्या मुलांचे हातपाय वाळलेले, अंगावर सूज, आणि यकृत मात्र चरबीने मोठे झालेले. पोटात पिष्ट पदार्थ जात होते, प्रथिने जात नव्हती. सिन्नर-निफाडकडच्या दूध उत्पादकांना व्यालेल्या गायीचा असाच प्रकार ठाऊक असतो. व्यायच्या आधी फार माजलेली गाय व्याल्यावर चारा कमी खाते, दूध तर द्यावे लागते, अंगावरची चरबी वितळते आणि यकृतात साचते. पण गाय असो वा मूल, त्यांच्यावर काहीतरी मोठे ओझे पडलेले असते. मांजराला नुसते घर बदलणे पुरते.

फुगलेल्या पेशी आपल्या शेजारच्या बारीक पित्तवाहिन्यांवर दाब देतात. पित्त पुढे सरकत नाही, त्यातले पिवळे बिलिरुबिन रक्तात साठते. कावीळ दिसते ती अशी. यकृताचे काम मंदावले की मळमळ सुरू होते. मळमळणारे मांजर अन्नाचा वाससुद्धा सहन करीत नाही आणि तोंड फिरवते. आता "भूक लागली की खाईल" हे वाक्य पुन्हा वाचा. भूक लागण्यासाठी यकृत ठीक असावे लागते, आणि यकृत ठीक राहण्यासाठी खावे लागते. या चक्राला बाहेरून कुणीतरी हात घातल्याशिवाय ते थांबत नाही. काही मांजरांत ते दोन-तीन दिवसांत सुरू होते, काहींत दोन-तीन आठवडे लागतात. नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही.

या रोगाला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. १९७७ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी तीन मांजरांची हकीकत छापली, तिच्यापासून याचा वेगळा अभ्यास सुरू झाला. त्याआधी मांजरे यातून वाचली असतीलही, पण पुष्कळ मेली असणार आणि लोक म्हणाले असतील, "कावीळ झाली होती." पंचवटीतल्या आमच्या वाड्यातली भाटी मी सहावीत असताना अशीच गेली. सात-आठ दिवस जिन्याखाली बसून होती. तिला काय झाले होते हे आता सांगता येणार नाही, पण तिच्यासमोर ठेवलेली दुधाची वाटी मला आठवते. ती रोज बदलली जाई आणि रोज तशीच राही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्यायला हवी. बहुतेक मांजरांत उपासाच्या मागे आणखी काही आजार दडलेला असतो: स्वादुपिंडाचा दाह, आतड्याचा किंवा पित्तमार्गाचा दाह, मधुमेह, गाठ, सडलेला दात. त्याचा शोध घ्यावाच लागतो. उरलेल्यांत कारण अगदी किरकोळ भासते: नवे घर, नवे कुत्रे, पाहुणे, खाद्याचा बदललेला ब्रँड, मालकाची गैरहजेरी. आणि एक कारण अगदी सद्‌हेतूचे: मांजर लठ्ठ झाले म्हणून त्याचे खाणे एकदम तोडणे. मांजराचे वजन आठवड्याला साधारण एक टक्क्याच्या गतीने उतरवावे, म्हणजे सहा किलोच्या बोक्याचे आठवड्याला ६० ग्रॅम. याहून घाई करणे धोक्याचे.

ढोल्याच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर बरेच वाढलेले होते, पण गॅमा जीटी हे त्याचे नेहमीचे जोडीदार विकर मात्र जवळपास जागेवर होते. ही विसंगती या रोगाची चांगली खूण मानतात. सोनोग्राफीत यकृत मोठे आणि नेहमीपेक्षा पांढरट दिसले. मग पशुवैद्यांनी उपचार सांगितला: खायला घालायचे.

यकृत चरबीने भरले आहे आणि उपचार काय, तर भरपूर खाऊ घाला! वरवर पाहता हे उफराटे वाटते. पण खळ्याचे उदाहरण आठवा. अन्न मिळाले की इन्सुलिन वाढते आणि चरबीची आवक थांबते; प्रथिने मिळाली की गोण्या तयार होतात आणि माल हलतो. सलाइनमधून नुसते ग्लुकोज देऊन हे साधत नाही. गोण्या ग्लुकोजच्या होत नाहीत.

किती घालायचे याचे गणित नववी-दहावीच्या मुलांना करायला द्यावे. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवले की प्राण्यांचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च वजनाच्या सरळ प्रमाणात नसून साधारण पाऊण घाताच्या प्रमाणात असतो. पशुवैद्य तेच सूत्र वापरतात: वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. साध्या कॅल्क्युलेटरवरही ते जमते. वजनाचा घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. सहा किलोंचा घन २१६, वर्गमूळ १४.७, पुन्हा वर्गमूळ ३.८३, उत्तर सुमारे २६८ किलोकॅलरी. आता ६० किलोंच्या माणसासाठी करा. उत्तर सुमारे १५०० येईल. दर किलोमागे माणसाला २५ आणि बोक्याला ४५. लहान प्राण्याला उपास अधिक महाग का पडतो, याचा एक भाग या आकड्यांतच आहे.

पण पहिल्याच दिवशी २६८ किलोकॅलरी घालायच्या नसतात. उपाशी शरीरातले फॉस्फेट आणि पोटॅशियम कमी झालेले असतात. अन्न आल्याबरोबर इन्सुलिन वाढते, हे क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात आणि रक्तातली त्यांची पातळी धोकादायक रीतीने कोसळते. तांबड्या पेशी फुटू शकतात, स्नायू लुळे पडतात, मान खाली लोंबते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांना भरपेट जेवण मिळाल्यावर असेच त्रास झाले होते. म्हणून पाव हिश्शाने सुरुवात करून तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर जायचे आणि क्षार तपासत राहायचे. यकृताच्या बिघाडाने रक्त गोठण्यातही अडचण येते म्हणून के जीवनसत्त्व देतात. ब-१२ कमी असेल तर तेही टोचतात.

आणि खाऊ घालायचे कसे? तोंडात पिचकारीने कोंबून नव्हे. एक तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका. दुसरे म्हणजे मळमळत असताना जो पदार्थ बळजबरीने घातला जातो, त्याच्याशी मांजर ती मळमळ कायमची जोडते आणि बरे झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही. ढोल्याला भूल देऊन मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत एक मऊ नळी बसवली. नळी पाहून आत्या रडायलाच लागली. पण बोका त्या नळीसकट खिडकीत बसत असे. दिवसातून पाच वेळा कोमट, पातळ केलेले, प्रथिनयुक्त अन्न हळूहळू सोडायचे, मग थोड्या पाण्याने नळी धुवायची. मळमळीचे औषध आधी. असे आठवड्यांमागून आठवडे करावे लागते. न खाऊ घातलेली बहुतेक मांजरे मरतात. वेळेवर आणि चिकाटीने खाऊ घातलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात. आणि वाचलेल्यांचे यकृत सहसा पूर्ववत होते.

हा आजार आपल्याकडे पूर्वी क्वचित ऐकू येत असे, आता शहरांतले पशुवैद्य त्याचे नाव सहज घेतात. याचे एक कारण तपासण्यांची सोय. दुसरे, मला वाटते, मांजराची बदललेली नोकरी. प्लेगच्या काळात अमरावतीला असलेले डॉ. ब्युकॅनन यांनी १९०८ च्या सुमारास, घरोघरी मांजरे पाळा म्हणजे उंदीर आणि प्लेग दोन्ही हटतील, असा आग्रह धरला होता. वाड्यातले मांजर कामावर असे आणि अंगाने सडसडीत असे. आज गंगापूर रोडच्या चौथ्या मजल्यावरचे मांजर वाटीभर कोरड्या गोळ्यांसमोर लोळते. त्याच्या अंगावर आता मोठी आवक तयार आहे. फक्त काहीतरी बिनसायचा अवकाश.

तुमच्या वर्गात मांजर पाळणारी मुले असतील. त्यांना महिन्यातून एकदा मांजराचे वजन करायला सांगा. आधी स्वतः काट्यावर उभे राहायचे, मग मांजराला घेऊन, आणि वजाबाकी करायची. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही तर घरच्यांना सांगायचे, दोन दिवस झाले तर थांबायचे नाही. वाटीत अन्न घातले म्हणजे ते पोटात गेले असे नव्हे. एकाहून अधिक मांजरे असलेल्या घरांत हा घोटाळा नेहमी होतो. आणि मांजर मलूल आहे, अंग गरम लागते, म्हणून घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी कधीही द्यायची नाही, अर्धीसुद्धा नाही. आपले यकृत या औषधाला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून त्याची विल्हेवाट लावते. मांजरात त्या जोडणीच्या विकराचा जनुकच निकामी झालेला आहे. औषधाचे विषारी अवशेष साठतात, रक्त तपकिरी पडते आणि ते प्राणवायू वाहू शकत नाही. वनस्पती न खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली विषे मोडण्याची गरज फारशी पडली नाही, म्हणून हे हत्यार गंजले असावे, असा एक तर्क आहे.

ढोल्याची नळी छत्तिसाव्या दिवशी काढली. त्याच्या तीन दिवस आधी त्याने स्वयंपाकघरात येऊन उकडलेल्या मासळीचा एक तुकडा स्वतःहून चाटला होता, अर्धा खाल्ला होता आणि अर्धा तसाच टाकून निघून गेला होता. आता त्याचे वजन पावणेपाच किलो आहे. गेल्या दिवाळीत तो पुन्हा आत्याकडे होता. जाताना त्याची चादर, त्याची वाटी आणि त्याचेच खाद्य बरोबर दिले होते. परत आणायला गेले तेव्हा आत्याच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या लिटरच्या नोंदींखाली, रोजच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेले दिसले: सकाळी ३० ग्रॅम, रात्री २५. पाडव्याच्या चौकोनात नुसतेच "फटाके. १०." आणि त्याच्यापुढे, त्याच दिवशी रात्री साडेअकराची वेळ घालून, "आणखी २० खाल्ले."